भारतीय फुटबॉल संघाचा प्रशिक्षक कोण असावा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने १७ जून २०२४ रोजी राष्ट्रीय पुरुष संघाचे क्रोएशियन प्रशिक्षक इगोर स्टिमॅच यांना पदावरून दूर केले आणि त्यांच्या जागी कोण यावे, हा वाद पाठीराख्यांमध्ये सुरू झाला. पुढच्या सव्वा वर्षात मानोलो मार्केझ आणि खालिद जमील हे दोन प्रशिक्षक आले, त्यांपैकी मार्केझ गेलेही. तरी वाद तिथेच आहे. कोल्हापुरात शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनच्या (केएसए) लीगचा सामना संपल्यानंतर जे प्रश्न हमखास निघतात, तेच इथे घेतले आहेत. उत्तरांत माझी मते आहेत आणि ती मी लपवलेली नाहीत.

स्टिमॅच यांना नेमके कशामुळे काढण्यात आले?

२०२६ च्या विश्वचषक पात्रता स्पर्धेची तिसरी फेरी भारताला गाठता आली नाही, हे तात्कालिक कारण होते. गटात कतार, कुवेत आणि अफगाणिस्तान असे संघ होते आणि पहिले दोन संघ पुढे जाणार होते. नोव्हेंबर २०२३ मध्ये मनवीर सिंगच्या गोलवर आपण कुवेतला त्यांच्याच मैदानावर १-० असे हरवले, तेव्हा हे काम आवाक्यातले वाटत होते. त्यानंतर मात्र कतारकडून भुवनेश्वरला ०-३ असा पराभव झाला, अफगाणिस्तानशी ०-० बरोबरी झाली आणि २६ मार्च २०२४ रोजी गुवाहाटीत त्याच अफगाणिस्तानने आपल्याला २-१ असे हरवले. तो सुनील छेत्रीचा १५० वा आंतरराष्ट्रीय सामना होता आणि भारताचा गोलही त्यानेच पेनल्टीवर केला होता. दरम्यान, जानेवारीतील आशियाई चषकात ऑस्ट्रेलिया, उझबेकिस्तान आणि सीरिया या तिन्ही संघांकडून हार पत्करून, एकही गोल न करता संघ परतला होता. तिसरी फेरी गाठता आली नाही तर आपण स्वतःच पद सोडू, असे स्टिमॅच मार्चमध्ये म्हणाले होते. जूनमध्ये कोलकात्यात, छेत्रीच्या निरोपाच्या सामन्यात, कुवेतशी ०-० बरोबरी झाली आणि ११ जूनला दोह्यात कतारकडून १-२ असे हरल्यावर सगळे संपले.

दोह्यात चेंडू रेषेबाहेर गेला होता. तो गोल दिला गेला नसता, तर स्टिमॅच राहिले असते का?

कदाचित राहिले असते. लालियानझुआला छांगटेच्या गोलवर आपण १-० असे पुढे होतो, तो सामना जिंकला असता तर कुवेतला मागे टाकून भारत तिसऱ्या फेरीत गेला असता आणि ७३ व्या मिनिटाला चेंडू गोलरेषेच्या बाहेर गेलेला असतानाही तो आत ओढून केलेला गोल पंचांनी ग्राह्य धरला. हा अन्याय होता आणि त्याची चीड आजही येते. परंतु त्या एका निर्णयाच्या आड गुवाहाटीचा सामना लपवता येत नाही. जागतिक क्रमवारीत १५८ व्या स्थानावर असलेल्या आणि स्वतःच्या संघटनेशी वाद असल्यामुळे अनेक मुख्य खेळाडू न आलेल्या संघाविरुद्ध, घरच्या प्रेक्षकांसमोर, मध्यंतरापर्यंत आघाडीवर असूनही आपण हरलो. दोह्यात पंचांनी हिरावलेले गुण गुवाहाटीतच कमावता आले असते.

मग त्यांना काढणे योग्यच होते, असे म्हणायचे का?

काढणे योग्य होते, पण त्यातून जो निष्कर्ष काढायला हवा होता तो कोणी काढला नाही आणि या सगळ्या वादातली माझी मुख्य तक्रार हीच आहे.

स्टिमॅच यांच्या कारकिर्दीतील एका वर्षाकडे नीट पाहावे. १५ मे २०२३ पासून ४ जुलैपर्यंत, म्हणजे सलग जवळपास ५० दिवस, खेळाडू त्यांच्याबरोबर एकत्र होते. त्या काळात भारताने भुवनेश्वरला अंतिम सामन्यात लेबनॉनला हरवून इंटरकॉन्टिनेंटल चषक जिंकला, बेंगळुरूला कुवेतला पेनल्टी शूटआउटमध्ये हरवून दक्षिण आशियाई फुटबॉलची सॅफ स्पर्धा जिंकली आणि जुलै महिन्यात क्रमवारीत ९९ वे स्थान मिळवले. ते सामने ज्यांनी पाहिले त्यांना आठवत असेल, की मधल्या फळीतील खेळाडू एकमेकांकडे न पाहता पास देत होते, कारण समोरचा कुठे असेल हे त्यांना सरावाने ठाऊक झाले होते. बहुतांशी तेच खेळाडू आणि तोच प्रशिक्षक २०२४ मध्ये अफगाणिस्तानकडून हरला.

या दोन चित्रांमधला फरक दिवसांचा आहे. फिफाने ठरवून दिलेली आंतरराष्ट्रीय सामन्यांची खिडकी साधारण ९ दिवसांची असते. सोमवारी सुरू होते, पुढच्या मंगळवारी संपते आणि तेवढ्यात दोन सामने होतात. क्लबसाठी शनिवार-रविवारी खेळलेला खेळाडू सोमवारी रात्री दाखल होतो. मंगळवारी त्याला हलका व्यायाम देऊन पाय मोकळे करण्यापलीकडे काही करता येत नाही. बुधवारी एक खरा सराव होतो आणि गुरुवारी सामना. एवढ्या वेळात कोणताही प्रशिक्षक, तो क्रोएशियाचा असो वा केरळचा, नवी खेळपद्धती शिकवू शकत नाही. म्हणून 'कोण यावे' या प्रश्नाआधी 'आल्यावर त्याला किती दिवस मिळणार' हा प्रश्न विचारला पाहिजे आणि उत्तर 'फार नाही' असे असेल, तर त्या उत्तराला साजेसाच माणूस निवडला पाहिजे.

करार बाकी असताना काढल्यामुळे महासंघाला भुर्दंड पडला का?

पडला. स्टिमॅच यांचा करार ऑक्टोबर २०२३ मध्येच जून २०२६ पर्यंत वाढवण्यात आला होता. वाद वाढल्यानंतर ४ लाख डॉलर देऊन तडजोड करावी लागली. वयोगटांच्या संघांसाठी पैसा नाही असे एकीकडे ऐकावे लागत असताना हा आकडा जिव्हारी लागतो. आशियाई चषक तीन महिन्यांवर असताना करार वाढवण्याची घाई करायला नको होती. पुढचा करार करताना ठरावीक टप्पा गाठता आला नाही तर तो आपोआप संपेल, असे कलम त्यात स्पष्ट शब्दांत असावे.

२०२४ मध्ये जागा रिकामी झाली तेव्हा किती जणांनी अर्ज केले आणि मार्केझ यांचीच निवड का झाली?

२९१ अर्ज आले होते. पाठीराख्यांच्या चर्चेत मुख्यतः भारतातील लीग गाजवलेल्या परदेशी प्रशिक्षकांची नावे होती: मुंबई सिटीला २०२०-२१ मध्ये साखळीचे आणि अंतिम अशी दोन्ही विजेतेपदे मिळवून देणारे सर्जिओ लोबेरा, कोलकात्याच्या संघांना चषक मिळवून देणारे अंतोनियो हबास आणि स्पेनचे मानोलो मार्केझ. मार्केझ यांनी २०२२ मध्ये गोव्यात फातोर्डा येथील अंतिम सामन्यात केरळ ब्लास्टर्सला शूटआउटमध्ये हरवून हैदराबादला इंडियन सुपर लीगचे (आयएसएल) विजेतेपद मिळवून दिले होते. भारतीय तरुण खेळाडूंना संधी देऊन घडवणारा प्रशिक्षक अशी त्यांची ख्याती होती आणि ती खरी होती. २० जुलै २०२४ रोजी त्यांची नेमणूक झाली तेव्हा मला ती निवड आवडली होती, हे इथे प्रामाणिकपणे नोंदवतो. खटकली ती एकच अट: २०२४-२५ च्या हंगामात ते एफसी गोवाचेही प्रशिक्षक राहणार होते.

भारताला ओळखणारा प्रशिक्षक असूनही मार्केझ अपयशी का ठरले?

आठ सामन्यांत एकच विजय आणि तोही मार्च २०२५ मध्ये शिलाँगला मालदीवविरुद्ध. २०२७ च्या आशियाई चषकाच्या पात्रता फेरीत बांगलादेशशी गोलशून्य बरोबरी आणि १० जूनला हाँगकाँगकडून १-० असा पराभव झाल्यावर २ जुलै २०२५ रोजी दोन्ही बाजूंच्या संमतीने ते बाहेर पडले. त्याच महिन्यात भारत क्रमवारीत १३३ व्या स्थानी घसरला.

त्याच हंगामात एफसी गोवा मात्र साखळीत दुसरे आले आणि ३ मे रोजी भुवनेश्वरला जमशेदपूरवर ३-० अशी मात करून त्यांनी सुपर कप जिंकला. म्हणजे प्रशिक्षकाची बुद्धी कुठे गहाण पडली नव्हती. क्लबमध्ये त्यांना रोजचा सराव मिळत होता आणि आघाडीवर परदेशी खेळाडू मिळत होते. राष्ट्रीय संघात यांपैकी काहीच नव्हते. दोन नोकऱ्या एकाच माणसाकडे दिल्यामुळे दोन खिडक्यांमधल्या काळात वेगवेगळ्या शहरांत फिरून खेळाडू पाहणे, वयोगटांच्या प्रशिक्षकांबरोबर बसणे, ही राष्ट्रीय प्रशिक्षकाची खरी कामे कोणी करायची, हा प्रश्न अनुत्तरितच राहिला. पुन्हा असा अर्धवेळ प्रशिक्षक नेमू नये.

बार्सिलोनाचे माजी खेळाडू आणि प्रशिक्षक झावी यांनी खरोखर अर्ज केला होता का?

नाही. जुलै २०२५ मध्ये तशी बातमी पसरली होती, परंतु तो ईमेल खरा नसल्याचे महासंघाने नंतर स्पष्ट केले.

प्रशिक्षक परदेशी असावा की भारतीय?

या प्रश्नावर मित्रमित्र एकमेकांशी अबोला धरतात, म्हणून थोडे मागे जाऊन पाहतो.

भारतीय फुटबॉलचे सर्वांत मोठे यश एका भारतीय प्रशिक्षकाच्या नावावर आहे. हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम पेशाने शिक्षक होते. त्यांच्या हाताखाली भारताने १९५१ आणि १९६२ च्या आशियाई क्रीडा स्पर्धांची सुवर्णपदके मिळवली आणि १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथे स्थान पटकावले. १९६२ मध्ये जकार्त्याच्या अंतिम सामन्यात दक्षिण कोरियाला २-१ असे हरवले, तेव्हा ते कर्करोगाने आजारी होते आणि पुढच्याच वर्षी गेले. रहीम साहेबांची आठवण काढताना एक गोष्ट मात्र विसरली जाते, की आपल्या खेळाडूंची पारख त्यांना वर्षानुवर्षांच्या सहवासातून झालेली होती.

अलीकडच्या काळात इंग्लंडचे बॉब हॉटन यांनी २००७ आणि २००९ चे नेहरू चषक आणि २००८ चा आशियाई फुटबॉल महासंघाचा (एएफसी) चॅलेंज चषक जिंकून भारताला २०११ च्या आशियाई चषकात नेले. त्यांच्यापाशीही लांबलचक शिबिरांचा वेळ होता. त्यांच्यानंतर आलेले दोन्ही प्रशिक्षक गोव्याचे होते. धेंपोला राष्ट्रीय लीगची पाच विजेतेपदे मिळवून देणारे आर्मांदो कुलासो यांनी काही काळ संघ सांभाळला, मग सावियो मदेरा आले. मदेरांनी डिसेंबर २०११ मध्ये सॅफ स्पर्धा जिंकली, परंतु मार्च २०१२ मध्ये काठमांडूत चॅलेंज चषकाचे तिन्ही सामने हरल्यावर त्यांची कारकीर्द संपली आणि त्यानंतर १३ वर्षे एकाही भारतीयाला पूर्णवेळ पद मिळाले नाही. एका स्पर्धेतील अपयशावरून साऱ्या देशातील प्रशिक्षकांना इतकी वर्षे दाराबाहेर ठेवण्यात आले, हे मला आजही पटत नाही.

पासपोर्ट पाहून प्रशिक्षक ठरवू नये, असेच मी म्हणेन. पण ९ दिवसांच्या खिडकीत काम करायचे असेल, तर खेळाडू पहिल्या दिवसापासून ओळखीचे हवेत. कोणता बचावपटू दडपणाखाली डाव्या पायाने चेंडू मारायला कचरतो, हे सांगण्यासाठी सहायक लागू नये. या कसोटीवर आज भारतात काम करणारा माणूस, मग तो स्पेनमधून आलेला असो वा मुंबईतून, बाहेरून येणाऱ्या मोठ्या नावापेक्षा सरस ठरतो.

२०२५ मध्ये अंतिम यादीत कोण होते?

आलेल्या सुमारे १७० अर्जांतून भारताचे माजी खेळाडू आय. एम. विजयन यांच्या अध्यक्षतेखालील तांत्रिक समितीने तीन नावे काढली: खालिद जमील, भारताचे माजी प्रशिक्षक स्टीफन कॉन्स्टंटाइन आणि स्लोव्हाकियाचे स्टेफान तारकोविच. तारकोविच यांनी आपल्या देशाला २०२० च्या युरो स्पर्धेत नेले होते आणि नंतर किर्गिझस्तानचा संघही सांभाळला होता, त्यामुळे आशियाई फुटबॉल त्यांना अपरिचित नव्हते. आपल्या खेळाडूंशी मात्र त्यांची ओळख शून्यापासून सुरू झाली असती.

कॉन्स्टंटाइन यांनी संघाला १७३ व्या क्रमांकावरून ९६ व्या क्रमांकावर आणले होते. मग त्यांनाच परत का आणले नाही?

ही मागणी करणाऱ्यांचा मुद्दा पोकळ नाही. २०१५ ते २०१७ या काळात ती झेप खरोखर घेतली गेली. २०१९ च्या आशियाई चषकात थायलंडवर मिळवलेला ४-१ असा विजय ज्यांनी पाहिला, त्यांना तो विसरता येणार नाही आणि बहरीनविरुद्ध अखेरच्या क्षणांतील पेनल्टीने बाद फेरी हुकल्यावर त्याच रात्री त्यांनी राजीनामा दिला, यात जबाबदारीची जाण होती. परंतु ते २००२ ते २००५ आणि २०१५ ते २०१९ असे दोनदा येऊन गेले आहेत. तिसऱ्यांदा तेच नाव पुढे येणे म्हणजे मधल्या वीस वर्षांत आपण एकही प्रशिक्षक घडवला नाही, अशी कबुली ठरली असती.

खालिद जमील यांच्या बाजूने नेमके काय होते?

जमील यांचा जन्म कुवेतचा, पण त्यांचे फुटबॉल मुंबईचे. महिंद्र युनायटेड, एअर इंडिया आणि मुंबई एफसी या संघांतून ते खेळले आणि दुखापतींनी खेळ थांबवल्यावर २००९ पासून त्यांनी मुंबई एफसीचे प्रशिक्षकपद सांभाळले. तुटपुंज्या खर्चात चालणारा तो संघ ते दर हंगामात आय-लीग या तेव्हाच्या राष्ट्रीय लीगमध्ये टिकवून ठेवत. कूपरेजवर त्यांचे सामने पाहिलेल्यांना आठवेल, की खेळ देखणा नसे, पण संघाची बांधणी पक्की असे आणि दूरवरून फेकलेला थ्रो-इन किंवा एखादी फ्री किक यावर गुण मिळवले जात. २०१६ मध्ये ते तिथून गेले. पुढच्याच हंगामात मुंबई एफसी तळाशी गेली आणि जमील यांच्या ऐझॉल एफसीने, जो संघ आदल्या वर्षी खालच्या श्रेणीत घसरून मग पुन्हा लीगमध्ये घेतला गेला होता, आय-लीगचे विजेतेपद मिळवले. लहान साधनांत मोठे काम करण्याचे याहून स्पष्ट उदाहरण भारतीय फुटबॉलमध्ये मला माहीत नाही.

नंतर नॉर्थईस्ट युनायटेडने त्यांना आयएसएलमधील पहिला कायमस्वरूपी भारतीय मुख्य प्रशिक्षक केले आणि भुवनेश्वरच्या ज्या सुपर कप अंतिम सामन्यात मार्केझ जिंकले, त्यात समोरच्या जमशेदपूरचे प्रशिक्षक जमील होते. १ ऑगस्ट २०२५ रोजी त्यांची निवड जाहीर झाली. महिन्याच्या आत ताजिकिस्तानात झालेल्या, मध्य आशियाई फुटबॉल संघटनेच्या (काफा) नेशन्स चषकात, काही क्लबांनी खेळाडू सोडले नसतानाही, त्यांच्या संघाने यजमानांना २-१ असे हरवले. दोन्ही गोल अन्वर अली आणि संदेश झिंगन या बचावपटूंचे होते. पुढे इराणकडून हरल्यावरही ओमानला शूटआउटमध्ये नमवून त्यांनी तिसरे स्थान मिळवले. कूपरेजवरची जुनी पद्धतच मला त्यात दिसली.

गोवा आणि महाराष्ट्रातून आणखी कोणी या पदासाठी तयार होत आहे का?

होत आहे. गोव्याच्या क्लिफर्ड मिरांडा यांनी २०२३ मध्ये ओडिशा एफसीला सुपर कप जिंकून दिला. महेश गवळी राष्ट्रीय संघाच्या प्रशिक्षकवर्गात राहिले आहेत. मुंबईचे नौशाद मूसा २३ वर्षांखालील संघ सांभाळत आहेत आणि ज्यांच्यातून उद्याचा वरिष्ठ संघ उभा राहायचा ती मुले त्यांच्या हाताखाली खेळतात, म्हणून माझे लक्ष सर्वांत जास्त त्यांच्याकडे आहे.

प्रशिक्षक बदलला तरी गोल कोण करणार?

या प्रश्नाला कोणत्याही उमेदवाराकडे उत्तर नाही. निवृत्त झालेल्या छेत्रीला मार्च २०२५ मध्ये, वयाच्या चाळिशीत, परत बोलवावे लागले आणि त्या हंगामात आयएसएलमध्ये सर्वाधिक गोल करणारा भारतीयही तोच होता. क्लब आघाडीची जागा परदेशी खेळाडूला देतात, कारण त्यांना रविवारी गुण हवे असतात. त्यामुळे भारतीय मुलगा मैदानाच्या कडेला, विंगवर खेळायला शिकतो आणि गोलसमोर उभे राहण्याची सवय त्याला लागत नाही. आमच्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ च्या १७ वर्षांखालील विश्वचषकात आघाडीला खेळला होता. पुढे क्लबमध्ये तोही कडेला सरकला. प्रशिक्षक कोणीही असो, हे लीगच्या नियमांतूनच बदलावे लागेल.

सिंगापूरकडून हरून २०२७ चा आशियाई चषक हुकला, बांगलादेशनेही हरवले. आता जमील यांनाही काढावे का?

१४ ऑक्टोबर २०२५ ला मी फातोर्ड्याच्या मैदानात होतो. चौदाव्या मिनिटाला छांगटेने गोल केला, तेव्हा माझ्या पुढच्या रांगेतील मडगावच्या एका काकांनी आपल्या नातवाला दोन्ही हातांनी डोक्यावर उचलून धरले. मध्यंतराला एक-दोन मिनिटे उरली असताना सिंगापूरच्या साँग उई-याँगने बरोबरी साधली आणि ५८ व्या मिनिटाला त्यानेच दुसरा गोल केला. शेवटची वीस मिनिटे आपले खेळाडू चेंडू घेऊन पुढे जात होते आणि पेनल्टी क्षेत्राजवळ पोहोचल्यावर पास कोणाला द्यायचा, यासाठी मान वर करून शोधत होते. ते पाहताना मला बेंगळुरूची २०२३ ची मधली फळी आठवली. बाहेर पडताना काका म्हणाले, "आता नवा कोच बघायला हवा." मी त्यांना विचारले, "काका, यांना येऊन अडीच महिने झाले. नवा आला तर त्याला किती देणार?" त्यांनी नातवाचा हात धरला आणि बराच वेळ काही न बोलता ते माझ्याबरोबर बसथांब्यापर्यंत चालत आले.

नोव्हेंबरमध्ये ढाक्यात बांगलादेशकडून १-० असे हरलो, तेव्हाही माझे मत बदलले नाही. आयएसएलचा हंगामच लांबणीवर पडलेला असल्यामुळे त्या काळात बहुतेक खेळाडूंच्या पायात सामनेच नव्हते आणि याचा दोष प्रशिक्षकाकडे जात नाही. जमील यांचा करार दोन वर्षांचा आहे. तो त्यांना पूर्ण करू द्यावा, प्रत्येक खिडकीआधी निदान दहा दिवसांचे शिबिर मिळेल असे वेळापत्रक महासंघाने क्लबांबरोबर बसून लेखी ठरवावे आणि मुदत संपल्यावर त्या दिवसांचा हिशेब समोर ठेवूनच पुढचे नाव काढावे.